शेळ्यांचं कृत्रिम रेतन आणि भ्रूण प्रत्यारोपण : गाईंचं तंत्र जसंच्या तसं चालतं का?

रानवाट

नमस्कार मंडळी. गाई आणि शेळ्या दोन्ही असलेल्या एका मध्यम कळपाचं काम मी बघते. गाईंच्या कृत्रिम रेतनाची घडी नीट बसली आहे. कोणती गाय कधी व्याली, पहिला माज कधी दाखवला, कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) कोणत्या वळूची, किती वेळा उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली), सगळं वहीत असतं आणि गाई वेळेवर गाभण राहतात. शेळ्यांचं मात्र जमत नाहीये. रेतन करणारा माणूस तोच, कांड्या ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर तोच, कांड्याही चांगल्या ठिकाणच्या. तरी निम्म्याहून जास्त शेळ्या तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येतात.

जाणकारांकडून आधी याचं कारण समजून घ्यायचं आहे. त्याशिवाय मायांगात संप्रेरकाचा स्पंज ठेवून सगळ्या शेळ्या एकाच वेळी माजावर आणाव्यात का, आणि कळपातल्या दोन अव्वल शेळ्यांचे भ्रूण काढून इतर शेळ्यांत ठेवण्याचा खटाटोप करावा का, यावरही तुमचं मत हवं. यंत्रसामग्रीत हात घालण्याआधी हे विचारते आहे, त्यामुळे सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

पशुवैद्य_निवृत्त

रानवाट ताई, माणूस तोच आणि हात तोच, गोम इथेच आहे. गाईला रेतन करताना एक हात गुदद्वारातून आत असतो, गर्भाशयमुख मुठीत धरलेलं असतं आणि गन (वीर्य सोडायची लांब नळी) कुठवर सरकली ते बोटांना कळतं. आतल्या वळ्या पार केल्या की गर्भाशयाच्या तोंडाशीच, शिंगं फुटतात त्याच्या अलीकडे, वीर्य सोडायचं. शेळीत हात आत जातच नाही. मागचा भाग उचलून धरायचा, मायांग उघडं धरणारा स्पेक्युलम आत घालायचा, उजेड टाकायचा आणि डोळ्यांनी तोंड शोधायचं. तिच्या गर्भाशयमुखातल्या वळ्या एका सरळ रेषेत नसतात. गन हलकेच फिरवत एकेक वळी ओलांडावी लागते. हाताला 'टक' असं जाणवतं, मग थोडी मोकळीक, मग पुढची वळी. जोर लावला की इजा होते, रक्त येतं आणि तो माज बहुधा वाया जातो. दोन-तीन वळ्यांपुढे गन जात नसेल तर तिथेच वीर्य सोडून थांबावं. गर्भ राहण्याची शक्यता कमी होते, पण शेळी शाबूत राहते. मेंढीत तर हा मार्ग इतका अडचणीचा की गोठवलेलं वीर्य वापरायचं असेल तर पोटाला छोटं छिद्र पाडून, दुर्बिणीने बघत थेट गर्भाशयात सोडावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बीजांड सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन, हा नियम. अमेरिकेतल्या नेब्रास्कात ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात तो मांडला आणि आजही तो कामाला येतो. शेळीचा माज २४ ते ४८ तास चालतो आणि बीजांड सुटतं माजाच्या शेवटाकडे. गाईचं घड्याळ शेळीला लावलं तर रेतन लवकर होतं. गोठवलेले शुक्रजंतू आत गेल्यावर ताज्यांइतके टिकत नाहीत, बीजांड येईपर्यंत ते संपलेले असतात.

स्पेक्युलम घातलाच आहे तर स्राव नीट पाहा. माजाच्या सुरुवातीला तो पाण्यासारखा स्वच्छ असतो, नंतर ढगाळ होतो आणि शेवटी घट्ट, पांढरट. ढगाळ व्हायला लागला की रेतनाची वेळ आली. अगदी स्वच्छ दिसला तर गन बाजूला ठेवा आणि काही तासांनी पुन्हा बघा. तुमच्या माणसाला हे कोणी दाखवलेलं नसेल तर पहिला बदल हाच करा.

नवागोपालक

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या दोन गाई माज दाखवतच नाहीत. बळस (माजाचा चिकट स्राव) दिसत नाही, हंबरत नाहीत, दुसऱ्या गाईवर उड्या मारत नाहीत. अशांना इंजेक्शन देऊन माजावर आणता येतं ना?

पशुवैद्य_निवृत्त

येतं, पण आधी तपासणी. गाय खरोखर माजावर येत नाही की माज मुका आहे, हे अंडाशय तपासल्याशिवाय कळत नाही. पीतपिंड (बीजांड सुटल्यावर अंडाशयात तयार होणारी गाठ) सापडला तर चक्र चालू आहे, आपल्या नजरेतून माज निसटतोय. अंडाशय लहान, गुळगुळीत, निपचित असतील तर बहुतेक वेळा दोष खुराकाचा. व्यायल्यानंतर गाय दुधात जितकं देते तितकं तिला खाण्यातून परत मिळत नाही आणि शरीर प्रजनन बाजूला ठेवतं. बरगड्या मोजता येणाऱ्या गाईला संप्रेरकं टोचून फारसं काही हाती लागत नाही.

माज बघायचा असेल तर पहाटे आणि रात्री उशिरा, गोठा शांत असताना, वीस मिनिटं नुसतं उभं राहा. दूध काढण्याच्या गडबडीत टाकलेली नजर यात धरू नका. दुसरी गाय अंगावर चढली असता जी हलत नाही, जागेवर उभी राहते, ती खरी माजावर. चढणारी असेलच असं नाही.

प्रयोगशाळेतून

वीर्य गोठवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून त्या बाजूने लिहिते.

बोकडाचं वीर्य वळूच्या वीर्यासारखं वागत नाही. वळूच्या वीर्यात अंड्याचा बलक मिसळून ते गोठवण्याची पद्धत जुनी. बोकडाच्या वीर्यद्रवात मात्र बल्बोयुरेथ्रल ग्रंथीतून येणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते बलकातल्या स्निग्ध पदार्थांचं विघटन करतं आणि त्यातून तयार होणारे घटक शुक्रजंतूंनाच मारतात. ए. रॉय यांनी हे १९५७ साली 'नेचर'मध्ये मांडलं. साय काढलेल्या दुधातही अशीच अडचण येते. म्हणून पुष्कळ ठिकाणी वीर्य घेतल्याबरोबर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वीर्यद्रव वेगळा करतात आणि मगच गोठवतात. काही जण बलकाचं प्रमाण कमी ठेवतात किंवा सोयाबीनच्या लेसिथिनवर आधारलेला द्रव वापरतात. बोकडाची कांडी घेताना वितळवल्यानंतरची हालचाल किती टक्के आणि एका कांडीत शुक्रजंतू किती, हे दोन आकडे मागाच. गाईला दीड-दोन कोटी पुरतात, शेळीला त्याच्या कितीतरी पट लागतात, कारण पुष्कळदा वीर्य गर्भाशयमुखातच सोडावं लागतं.

कांडी हाताळण्याविषयीही बोलायला हवं. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. कांडी साधारण उणे १३० च्या वर आली की आतल्या बर्फाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि पेशी फाटतात. हवी ती कांडी शोधताना डबी गळ्याबाहेर काढून नावं वाचत बसलं की त्या डबीतल्या साऱ्या कांड्यांचं नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. डबी गळ्यातल्या हिमरेषेच्या खालीच धरायची, आठ-दहा सेकंदांत कांडी सापडली नाही तर परत बुडवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा वर घ्यायची. वितळवायला ३५ ते ३७ अंशांचं पाणी, किमान अर्धा मिनिट, आणि थर्मामीटरने मोजलेलं. बोटाने अंदाज घेतलेलं चालत नाही. नंतर कांडी कोरडी पुसा. पाण्याचा एक थेंबसुद्धा शुक्रजंतूंना घातक. गन गार असेल तर आधी हाताने चोळून कोमट करा.

कंटेनर बंद खोलीत ठेवू नका. नायट्रोजन वायू खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो, त्याला वास नाही, रंग नाही. यात माणसं दगावली आहेत.

अवांतर : गोठवलेल्या वीर्याचा सगळा डोलारा ज्या ग्लिसरॉलवर उभा आहे त्याचा गुण १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांनी इंग्लंडमध्ये दाखवला, तोही कोंबड्याच्या वीर्यावर. त्याआधी वीर्य थंड करून दोन-तीन दिवसांत वापरावं लागे. आज वळू मेल्यावरही त्याची वासरं जन्माला येतात ती त्या शोधामुळे.

ओसरी

सगळं वाचलं. मला एक प्रामाणिक शंका आहे. वीस-पंचवीस शेळ्यांच्या कळपात हे सगळं कशासाठी? एक चांगला, तपासलेला बोकड ठेवला की माज ओळखायला माणूस नको, नायट्रोजन नको, वळ्या पार करणं नको. बोकडाला शेळीची वेळ आपल्यापेक्षा नेमकी कळते. गाईंचं वेगळं आहे. वळू सांभाळणं खर्चाचं आणि धोक्याचंही. शेळीपालकाने गाईवाल्यांचं बघून हे ओढवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कळपवाली

ओसरी दादा, अर्ध्या गोष्टीला अनुमोदन. मीसुद्धा बोकड ठेवते. पण तोच बोकड दोन वर्षांनी स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे लेकींवर, चढतो, तिथे वंशाचं नुकसान सुरू होतं. आणि बाहेरून आणलेला बोकड ब्रुसेलोसिससारखा रोग घेऊन आला तर शेळ्या गाभडतात, आणि तो माणसालाही होतो. गाभडलेलं करडू किंवा वार उघड्या हाताने उचलू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. कृत्रिम रेतनाचा पहिला मोठा फायदा हाच झाला होता. गाईंमधले संभोगातून पसरणारे रोग, व्हिब्रिओसिस आणि ट्रायकोमोनियासिस, कित्येक देशांत त्यामुळे आटोक्यात आले. नवीन रक्त आणायचं तेव्हा कांडी, बाकीच्यांना बोकड, अशी माझी विभागणी आहे.

आता रानवाट ताईंच्या स्पंजबद्दल. आमच्याकडे वापरतात. वेळापत्रक फ्रान्समध्ये अल्पाइन आणि सानेन शेळ्यांवर बसवलेलं आहे : प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक भरलेला स्पंज ११ दिवस, तो काढायच्या दोन दिवस आधी प्रोस्टाग्लँडिन (पीतपिंड विरघळवणारं) आणि ईसीजी (बीजांडांची वाढ करणारं) या संप्रेरकांची इंजेक्शनं, आणि काढल्यावर साधारण ४३ ते ४५ तासांनी रेतन. ठरल्या दिवशी सगळ्या शेळ्या तयार, करडं एकदम जन्मतात, रात्रपाळी एकाच आठवड्यात आटोपते. सोय मोठी आहे.

पण यातली ईसीजीची मेख आधी जाणून घ्या. ते गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं प्रथिन आहे. शेळीच्या शरीराला परकं. वारंवार दिलं की काही शेळ्यांमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मग पुढच्या वर्षी त्यांचा माज उशिरा येतो. आपण ४३ तासांवर रेतन करून मोकळे झालेलो असतो आणि बीजांड नंतर सुटतं. म्हणून दर वर्षी त्याच शेळ्यांना स्पंज लावू नका. घोड्यांचं रक्त वारंवार काढण्याच्या पद्धतीबद्दलही गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते मला पटतात.

दुसरं, स्पंजाआधी सोनोग्राफी. शेळीत खोटी गर्भधारणा बऱ्यापैकी आढळते. पीतपिंड जात नाही, गर्भाशयात पाणी साठतं, पोट वाढतं, माज येत नाही, आणि शेवटी नुसतं पाणी बाहेर येतं. अशा शेळीत स्पंज घालण्यात अर्थ नाही. आणि ती खरंच गाभण असेल तर प्रोस्टाग्लँडिनने गर्भ पडेल.

अजून एक, आणि हे अगदी कळकळीने लिहिते आहे. प्रोस्टाग्लँडिन त्वचेतून शरीरात जातं. गरोदर बाईने किंवा दमा असलेल्या कोणी ती बाटली हाताळू नये. इतरांनीही हातमोजे घालावेत. गोठ्यात कामाला येणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही, आणि त्या पटकन बाटली उचलून देतात.

रानवाट

कळपवाली ताई, खोट्या गर्भधारणेचं वाचून दोन शेळ्या डोळ्यांसमोर आल्या. आणि बाटलीचं आजच सगळ्यांना सांगते. संप्रेरकांशिवाय माज एकत्र आणता येतो का?

कळपवाली

येतो, बोकडाच्या जोरावर. हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला बोकड चार-एक आठवडे पूर्ण लांब ठेवायचा : दिसायला नको, वास यायला नको, आवाजही नको. मग एकदम शेळ्यांत आणायचा. दोन-तीन दिवसांत बऱ्याच शेळ्यांचं अंडाशय जागं होतं. पहिला माज बहुधा कच्चा असतो, पाच-सहा दिवसांत दुसरा येतो, तो धरायचा. रेतन कांडीनेच करायचं असेल तर नसबंदी केलेला बोकड सोडा किंवा बोकडाच्या पोटाला पट्टा बांधा. छातीला रंग लावला की कोणाकोणावर चढला तेही कळतं.

विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, तिथे हंगाम ठरलेला. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, तिथे खुराकावर जास्त अवलंबून. तुमच्या शेळ्या वर्षभर कशा वागतात ते वहीतून काढा.

भ्रूणशास्त्र

भ्रूण प्रत्यारोपणाचा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

कल्पना जुनी आहे. वॉल्टर हीप यांनी १८९० साली एका सशिणीचे भ्रूण दुसऱ्या जातीच्या सशिणीत ठेवून पिल्लं जन्माला घातली. गाईतलं पहिलं वासरू १९५१ चं. आज गाईत शस्त्रक्रिया लागत नाही. दात्या गाईला चार दिवस, दिवसातून दोनदा, उतरत्या मात्रेत एफएसएच (बीजांडांची वाढ करणारं संप्रेरक) देतात, एकाऐवजी अनेक बीजांडं सुटतात, रेतन होतं आणि सातव्या दिवशी फुगा असलेली नळी गर्भाशयात घालून द्रवाने धुऊन भ्रूण बाहेर काढतात. चांगल्या दर्जाचे सरासरी पाच-सहा मिळतात. ही सरासरी फसवी आहे. एखादी गाय पंधरा देते, आणि बऱ्याच गाई एकही देत नाहीत. कोणती काय देईल ते आधी सांगता येत नाही.

शेळीत नळीचा मार्ग अवघड म्हणून बहुतेक ठिकाणी भूल देऊन पोट उघडतात किंवा दुर्बिणीने काम करतात. ब्राझीलमध्ये गर्भाशयमुखातून भ्रूण काढण्याचं तंत्र चांगलं विकसित झालंय, पण त्याला फार सराव लागतो. वारंवार पोट उघडलं की आत अवयव एकमेकांना चिकटतात, त्यामुळे एका शेळीवर हे मोजक्याच वेळा करता येतं. शिवाय जास्त बीजांडं सोडवलेल्या काही शेळ्यांत पीतपिंड वेळेआधीच विरघळतात आणि धुवायला गेलं तर गर्भाशय रिकामं. तुमच्या दोन अव्वल शेळ्यांना यातून न्यावं का? माझं मत, नाही. निदान आत्ता नाही. ज्या कळपात साध्या रेतनाने शेळ्या उलटताहेत तिथे दात्या शेळीचं रेतनही फसणार, आणि भ्रूण ठेवलेल्या शेळ्याही टिकवून धरणार नाहीत. भ्रूण ठेवायच्या शेळीचा माज दात्या शेळीच्या माजाच्या फार तर एक दिवस पुढेमागे हवा. ती निरोगी, आधी व्यालेली आणि करडाला दूध पाजणारी हवी. ही तयारी झाली की निम्मं काम झालं. बाकीचं तंत्र विकत मिळतं.

बाह्यफलनाबद्दलही थोडं. जिवंत गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजांडं ओढून प्रयोगशाळेत फलन करतात. बाह्यफलनातून पहिलं वासरू १९८१ मध्ये अमेरिकेत झालं. सुईची पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये बसली. संप्रेरकांशिवायही ती चालते आणि दर एक-दोन आठवड्यांनी करता येते. गाईंच्या बाबतीत जगभरात आता प्रयोगशाळेतले भ्रूण धुऊन काढलेल्यांपेक्षा जास्त झाले आहेत. सुरुवातीला मोठी समस्या अवाढव्य वासरांची होती. भ्रूण वाढवायच्या द्रवातल्या सीरमशी तिचा संबंध दिसला आणि द्रव बदलल्यावर ती कमी झाली.

नवागोपालक

आणि क्लोनिंग? शेळीचं झालंय का?

भ्रूणशास्त्र

झालंय. २०१२ च्या मार्चमध्ये काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात नूरी नावाची पश्मिना शेळी क्लोनिंगने जन्माला आली. कळप सुधारण्यासाठी मात्र त्याचा विचार करू नका. क्लोन म्हणजे आहे त्याचीच पुन्हा प्रत.

ओसरी

मुलींचं वीर्य म्हणतात, ज्यातून जवळजवळ माद्याच जन्मतात, ते कितपत खरं?

प्रयोगशाळेतून

खरं आहे. वळूच्या एक्स (मादी देणाऱ्या) शुक्रजंतूत वाय (नर देणाऱ्या) शुक्रजंतूपेक्षा डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त असतो. रंगद्रव्य लावून, लेझरच्या उजेडात एकेक शुक्रजंतू तपासून वेगळा करतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी हे तंत्र उभं केलं, १९८९ मध्ये सशांवर ते सिद्ध झालं. गाईत दहापैकी साधारण नऊ पाड्या होतात. पण वेगळं करताना शुक्रजंतूंचे हाल होतात, कांडीत ते कमी भरतात आणि गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा खाली येतं. म्हणून निरोगी कालवडींना, स्पष्ट माजावर, अनुभवी हाताने वापरावं. वारंवार उलटणाऱ्या गाईसाठी ते नाही. बोकडाच्या वीर्यावरही हे होतं, पण अशा कांड्या सहज मिळत नाहीत.

कळपवाली

भ्रूणशास्त्र दादांनी क्लोनबद्दल लिहिलं त्यावरून वंशाच्या अरुंदपणाचं बोलायला हवं. हे मला या सगळ्या तंत्रांतलं सगळ्यात काळजीचं वाटतं.

होल्स्टीन जातीचा एक वळू होता, पॉनी फार्म अर्लिंडा चीफ, जन्म १९६२. त्याच्या लेकी १६,००० आणि नाती पाच लाखांच्या वर. दूध भरपूर वाढलं. पण त्याच्यात एका जनुकात दोष होता आणि तो दोष आई-बाप दोघांकडून आला की भ्रूण पोटातच मरायचा. जनुक सापडेपर्यंत जगभर सुमारे पाच लाख गर्भ यामुळे गेले असा संशोधकांचा अंदाज आहे. कितीतरी गोठ्यांत 'गाय उलटली' एवढीच नोंद झाली असणार. नैसर्गिक संकराने एका वळूचा दोष इतका पसरूच शकत नाही. कांडीने पसरला.

शेळीतही एक ठळक उदाहरण आहे. सानेनसारख्या जातींत बिनशिंगी असण्याच्या गुणासोबतच लिंगदोष येतो. बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांचा संकर केला तर काही माद्या नर-मादी मिश्र, वांझ निघतात. म्हणून कांडी निवडताना बोकडाला जन्मतः शिंगं होती का, हे विचारा. जाळून काढलेली शिंगं आणि मुळातच नसलेली शिंगं यात फरक आहे.

पशुवैद्य_निवृत्त

अगदी योग्य. गाईवाल्यांसाठी त्याला जोडून सांगतो : गाईला जुळं, एक पाडा आणि एक पाडी झाली, तर दहापैकी नऊ वेळा ती पाडी वांझ असते. वार एकमेकींना जोडल्या जातात आणि पाड्याची संप्रेरकं पाडीपर्यंत पोचतात. दोन भ्रूण ठेवताना हे लक्षात घ्या.

रानवाट

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. दोन अव्वल शेळ्यांचं भ्रूण प्रत्यारोपण तूर्त बाजूला ठेवते. येत्या हंगामात नसबंदी केलेला बोकड आणि रंग, दिवसातून दोनदा तपासणी, स्राव ढगाळ झाल्यावरच रेतन, आणि ज्या उलटतील त्यांना शिंगं असलेला तपासलेला बोकड, असं ठरवलंय. स्पंज फक्त कधीच न टोचलेल्या काही शेळ्यांना. गाभण तपासणी कितव्या दिवशी करावी, आणि बोकड कधी तपासून घ्यावा?

पशुवैद्य_निवृत्त

रेतनानंतर अठराव्या ते बाविसाव्या दिवशी टीझर बोकड (माज ओळखण्यासाठी ठेवलेला, नसबंदी केलेला) फिरवा, उलटलेल्या तिथेच कळतील. उरलेल्यांची सोनोग्राफी, गुदद्वारातून करणार असाल तर तिसाव्या दिवसाच्या पुढे, पोटावरून करणार असाल तर पंचेचाळीस दिवसांनी. नुसतं पाणी दिसलं म्हणून गाभण लिहू नका, करडाच्या हृदयाचे ठोके किंवा वारेच्या गाठी दिसायला हव्यात. पंचेचाळीस ते नव्वद दिवसांच्या दरम्यान करडं किती तेही मोजता येतं, म्हणजे जुळ्या-तिळ्यांच्या शेळ्यांचा शेवटच्या दीड महिन्याचा खुराक वेगळा करता येईल.

बोकडाची वीर्यतपासणी हंगामाच्या किमान दोन महिने आधी. शुक्रजंतू तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात, त्यामुळे मध्यंतरी त्याला ताप येऊन गेला असेल तर तो आज ठणठणीत दिसला तरी वीर्य खराब निघू शकतं. तसं निघालं तर लगेच बोकड बदलू नका, दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. वृषणांना हात लावून दोन्ही सारखे, टणक आहेत का ते बघा, आणि ब्रुसेलासाठी रक्त त्याच दिवशी काढून घ्या.